रुपरावांचा तेरा नंबरचा पंखा

मस्कासाथच्या गल्लीत रुपराव कूलरवाल्यांच्या दुकानात, लक्ष्मीच्या तसबिरीच्या अगदी शेजारी, एक काळा पंखा खिळ्याला टांगलेला आहे. तीन जाडजूड पाती, मधे पोकळ नळकांडं, आणि एका पात्याचं टोक उंदरानं कुरतडलेल्या पोळीसारखं गायब. गिऱ्हाइकानं विचारलंच, की हा कोणत्या कूलरचा, तर रुपराव हातातल्या पान्यावरची नजर न काढता सांगतात, "तो इकाचा नाही." एवढंच. बाकीचं सांगायला गल्ली आहे. गल्लीनं तो पंखा एकदा विमानाचा ठरवला, एकदा खाणीतला ठरवला, आणि दिवाळीच्या सुमारास तर तो रुपरावांना सासऱ्याकडून आंदणात मिळाल्याचीही बातमी होती. खरी गोष्ट वेगळी आहे. ती ऐकून ज्याला संताप येणार नाही, त्यानं आपली नाडी तपासून घ्यावी.

रुपरावांना मात्र संतापायला एवढी मोठी गोष्ट लागत नाही. फेब्रुवारी सरता सरता नागपुरातली माणसं माळ्यावरचे कूलर खाली उतरवतात आणि रुपरावांचा पारा वर चढतो. कारण दर वर्षी तेच.

"काका, पंखा मोठा टाका. हवा जोरात पायजे."

"मोटर कोनती हाये तुमची?"

"मोटर तीच राहू द्या जी. पंखा फक्त मोठा."

"म्हंजे बकरीले नांगराले जुपाचं, अन् वरून म्हनाचं, दिवस बुडाच्या आत वावर नांगरून दे."

मग रुपरावांचं प्रवचन सुरू. पात्याला पीळ जास्त दिला की एका चकरेत ते जास्त हवा ओढतं, हे खरं. पण ती ओढायची कुणी? मोटरनं. तिच्यात तेवढा दम नसला की ती घुमते, चकरा कमी पडतात, तापते आणि ऐन मे महिन्यात जळते. "पंखा मोटरच्या दमाचा पायजे, मालकाच्या हौसेचा नाही," हे वाक्य त्यांनी एवढ्या वेळा म्हटलंय, की समोरच्या चहाच्या टपरीवरचे लोक ते त्यांच्या आधी म्हणून मोकळे होतात. गिऱ्हाईक चिडतं, उठतं, पलीकडच्या दुकानातून मोठा पंखा लावून घेतं, आणि मे महिन्यात जळकी मोटर पिशवीत घालून रुपरावांकडेच येतं. तेव्हा रुपराव आणखी चिडतात. त्यांच्या बायकोचं, इंदुताईंचं, यावर मत ठरलेलं आहे. "तुमी कूलर नाही, गिऱ्हाईक थंडे करून राहिले."

अशा या माणसाची एकुलती एक मुलगी श्वेता. लहानपणी दप्तर बाजूला टाकून मोटरी उघडत बसायची. लग्न करून ती कुही तालुक्यातल्या सावरटेकला गेली. सावरटेकच्या तीन बाजूंना धरणाचं पाणी. आठवडी बाजार समोरच्याच तीरावर, डोळ्यांना दिसणारा, चार किलोमीटरवर. पण सडकेनं जायचं म्हटलं तर सत्तावीस किलोमीटरचा वळसा. जावई पियुष बुटीबोरीच्या कारखान्यात पाळ्या करतो आणि रविवारी घरी येतो. बाकीचे सहा दिवस श्वेता, तिची सासू आणि ते पाणी.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या बायकांच्या बचत गटाला सरकारी योजनेतून एक फायबरची बोट मिळाली. मागे लटकवायचं चाळीस घोड्यांचं इंजिन, त्याला एक दांडा: दांडा वळवला की बोट वळते, त्याची मूठ पिळली की वेग वाढतो. मग प्रश्न आला, चालवणार कोण? पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. श्वेतानं पाहत बसण्यापेक्षा पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली आणि परवाना घेऊन आली. इथवर सगळं छान.

इंजिनाला पंखा कोणता लावायचा, हे ठरवायला मात्र बायकांना कुणी बोलावलं नाही. ते काम सरपंचांच्या मेहुण्यानं, धर्मेंद्रनं, अंगावर घेतलं. धर्मेंद्रला फटफटीतलं बरंच कळतं, निदान तिचा आवाज कसा वाढवायचा ते तरी कळतं. विकणारा माणूस बोट दाखवायला आला तेव्हा धर्मेंद्रनं त्याला एकच सांगितलं, "सगळ्यात जोरात पळन असा लावा." त्यानं तेरा नंबरचा लावला. बोटीत तो, धर्मेंद्र आणि धर्मेंद्रचा एक मित्र. तीन माणसं, रिकामी बोट. ती अशी पळाली की काठावरच्या म्हशींनी माना वळवल्या. सह्या झाल्या, पेढे वाटले गेले.

आणि बुधवारच्या बाजाराला त्याच बोटीत बारा बायका, वांग्यांची पोती, दुधाचे कॅन आणि एखादी बकरी घेऊन श्वेता निघाली, तेव्हा बोटीनं नाक आभाळाकडे केलं, बूड पाण्यात रुतवलं आणि दमेकऱ्यासारखी घरघरत चार किलोमीटरला सत्तावीस मिनिटं लावली. दर बुधवारी तेच. मग बुधवार सोडून इतर दिवशी धर्मेंद्र चावी मागून घ्यायचा आणि रिकाम्या बोटीत दोन मित्र बसवून काठाकाठानं भुर्रकन फिरून दाखवायचा. पारावरच्या मंडळींना आणखी काय पुरावा पाहिजे? बोट तीच, इंजिन तेच. त्याच्या हातात पळते, हिच्या हातात रडते. म्हणजे दोष कुणाचा?

बाईच्या हाताचा. गावानं निकाल लावून टाकला. भरलेल्या आणि रिकाम्या बोटीत फरक असतो, हे बैलगाडी हाकणाऱ्या गावाला सांगावं लागू नये. पण दांड्यावर बाई असली की भल्याभल्यांचं गणित कच्चं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी श्वेताचा फोन आला तेव्हा रुपराव कूलरच्या तीन बाजूंना वाळ्याच्या नव्या ताट्या ठोकत होते.

"बाबा, बोट लोडमधी उठत नाही. गटाची मीटिंग हाये. दांडा धर्मेंद्रले द्याचा म्हनून राहिले."

रुपरावांच्या तोंडात खिळे होते. ते तसेच ठेवून ते बोलले, आणि जे बोलले ते नको होतं बोलायला. "तूच दांडा कमी पिळत असशीन. भेत तर नाही ना तू पान्याले?"



"पूर्ण पिळते बाबा," श्वेता म्हणाली. "पूर्ण पिळला तरी इंजिन नुसतं घुमते. तुमच्या त्या मे महिन्यातल्या मोटरीवानी."

रुपरावांनी खिळे तोंडातून काढले. घुमते हा शब्द त्यांना कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागतो.

"पात्याले पीळ जास्त हाये," ते म्हणाले. "मी येतो."

इंदुताईंनी डबा बांधून दिला. "कूलरचा सीझन सोडून चालले? बोटीतलं काय समजते तुमाले? फुटाळ्याच्या तलावावर पोरीनं बसा म्हटलं होतं, तर तुमी काठावरच चना खात उभे राहिले."

"पंखा पंखाच असते वं. हवेत फिरला काय, पान्यात फिरला काय."

हे वाक्य अर्धं खरं होतं, आणि खोट्या अर्ध्यानंच पुढे घात केला.

रविवारी, पियुष जादा पाळीवर अडकलेला असताना, सावरटेकच्या काठावर रुपरावांनी पंखा उतरवला. मधल्या नळकांड्यावर १३ आकडा कोरलेला होता. श्वेतानं प्रशिक्षणात ऐकलेलं सांगितलं: स्क्रू लाकडात जातो तसा पंखा पाण्यात जातो, आणि एका चकरेत तो तेरा इंच पुढे सरकेल असा त्याच्या पात्यांना पीळ आहे, असा त्या आकड्याचा अर्थ. रुपरावांचा चेहरा उजळला. अगदी आपल्या घरातलीच गोष्ट निघाली की. पीळ जास्त, इंजिनाला झेपत नाही, घुमतं. मग पीळ कमी करायचा. कूलरमधे ते काय करतात? पंखा ओट्यावर ठेवतात, लाकडी हातोडा घेतात आणि पात्याला तीन ठोके देऊन पीळ उतरवतात. चाळीस वर्षांचा हात. पत्रा मेणासारखा वळतो.

काठावर तोवर वीस-पंचवीस माणसं जमली होती. धर्मेंद्र फटफटीवर रेलून उभा होता.

"मामाजी," तो म्हणाला, "कूलरची हवा लागून राहिली का बोटीले?"

"तुले लागून राहिली दिसते," रुपराव म्हणाले, आणि तिथेच चुकले. चिडलेल्या माणसानं हातोडा हातात घेऊ नये. श्वेता म्हणत होती, बाबा, हा पत्रा नाही, ओतीव हाये. पण पंचवीस माणसं बघत असताना मुलीचं ऐकायचं, हे रुपरावांनाही तेव्हा जड गेलं. त्यांनी पंखा दगडावर ठेवला. पहिला ठोका. काही नाही. दुसरा जरा जोरात. तिसऱ्याला आवाज बदलला. पात्याचं टोक तुटलं आणि उडून धर्मेंद्रच्या फटफटीच्या चाकाशी जाऊन पडलं.

धर्मेंद्रनं ते उचललं, फुंकर मारून धूळ झटकली आणि रुपरावांच्या हातात दिलं.  रुपरावांना तो बोलला असता तर बरं वाटलं असतं.

त्या बुधवारी बायकांनी सत्तावीस किलोमीटरचा वळसा घेतला. मालवाहू टेम्पोत, वांग्यांच्या पोत्यांवर बसून. गावात आता एक नाही, दोन गोष्टी झाल्या: पोरीला चालवता येत नाही आणि बापाला दुरुस्त करता येत नाही. खानदानच तसलं. धर्मेंद्रनं जाहीर केलं, की नवा पंखा तो स्वतः आणतो, तोही तेरापेक्षा मोठा, पंधरा नंबरचा. "तेरावर पळते तं पंधरावर उडन." पाराला हे लगेच पटलं. पाराला मोठा आकडा नेहमीच पटतो.

आणि गटाच्या अध्यक्ष शोभाताईंनी फोन करून श्वेताला सांगितलं, की येत्या बुधवारी बाजाराहून परत आल्यावर काठावरच फैसला होईल. शोभाताई म्हणजे साठीची, दोन एकर भाजी एकटीनं पिकवणारी बाई. त्यांचा आवाज कोरडा होता, पण त्यांनी एक अट घातली होती. ती धर्मेंद्रलाही सांगितली होती. "बोट बायांची हाये. ज्याले चालवाची हाये त्यानं बाया भरून चालवावं. रिकामी तर माही बकरीबी पळते."

नागपुरात परतलेल्या रुपरावांनी दोन दिवस एकाही गिऱ्हाइकाला प्रवचन दिलं नाही. गल्लीला हे इतकं विचित्र वाटलं, की टपरीवाल्यानं न मागता चहा पाठवला. तुटका पंखा समोर ठेवून ते बसून होते. तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, काका, पंखा मोठा टाका. रुपराव उठले, तुटका पंखा पिशवीत टाकला आणि गिऱ्हाइकाला दुकानातच बसवून बाहेर पडले.

शहरातल्या एका तलावावर सहलीच्या बोटी सांभाळणारा एक म्हातारा मिस्त्री आहे. पिशवी उघडताच तो तुटक्या टोकावरून अंगठा फिरवून म्हणाला, "ठोकला?"

"हाव," रुपराव म्हणाले. चाळीस वर्षांत इतकं लहान उत्तर त्यांनी कुणाला दिलं नव्हतं.

"हे ठोकाचं काम नाही जी. हे मोजून निवडाचं काम हाये." आणि त्यानं जे सांगितलं ते रुपरावांनी बिडीच्या पाकिटावर लिहून घेतलं. इंजिनाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, की पूर्ण पिळल्यावर ते मिनिटाला किती चकरा फिरलं पाहिजे. या इंजिनाला पाच हजार ते सहा हजार. त्याच्या खाली राहिलं तर ते ओझ्याखाली दबून मरतं, वर गेलं तर मोकाट सुटून मरतं. पंखा एक नंबर लहान केला की साधारण दोनशे चकरा वाढतात, मोठा केला की तेवढ्याच घटतात. "अन् मोजाचं कसं? जेवढी मानसं रोज बसतात तेवढी बसवून. दुकानदारासंगं तिघं बसून नाही."

मिस्त्रीकडे खिळ्याला जुने पंखे टांगलेले होते. त्याच इंजिनाला बसतील असे त्यानं दोन काढून दिले, एक दहा नंबरचा आणि एक अकरा. "मोजून लावा. उरला तो परत आना. अन् उन्हाळ्याच्या आधी माहा कूलर पाहून जा, लय घुमते."

रुपरावांकडे चकरा मोजायचं मशीन होतंच. फिरत्या चाकावर चकाकती पट्टी चिकटवायची, दुरून लाल उजेड मारायचा, आकडा समोर. त्याच्यावरच ते गिऱ्हाइकांना त्यांच्या मोटरी मरत असल्याचं सिद्ध करून दाखवत. ते त्यांनी इंदुताईंच्या जुन्या पातळात गुंडाळलं.

"आता काय तोडाले चालले?" इंदुताईंनी विचारलं.

"मोजाले चाललो," रुपराव म्हणाले.

बुधवारी सकाळी सावरटेकच्या काठावर बारा बायका केशरी जाकिटं घालून बसल्या. वांगी, दूध, बकरी, सगळं जागच्या जागी. दांड्यावर धर्मेंद्र, मागे त्याचा नवाकोरा पंधरा नंबरचा. इंजिनाचं झाकण काढून रुपरावांनी आतल्या चाकावर पट्टी चिकटवली आणि ते मशीन घेऊन हातभर दूर बसले. श्वेता नाकाशी, शोभाताईंच्या शेजारी. जाताना पाळी धर्मेंद्रची, येताना तिची; तोवर तिला बोटीला हात लावायची मनाई होती. तिनंच चालवायला शिकलेल्या बोटीला.

"पूर्ण पिळ," शोभाताई म्हणाल्या.

धर्मेंद्रनं पिळला. बोटीनं नाक वर केलं आणि बूड रुतवलं. काठ जागचा हलेना. इंजिन घुमायला लागलं. धर्मेंद्रनं दांड्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग बायकांकडे.

"बाया आज जास्त हाये," तो म्हणाला.

"रोजच्याच बारा हाये," शोभाताई म्हणाल्या. "मोजून घे. तू आज पहिल्यांदाच बसवल्या म्हनून जास्त वाटून राहिल्या."

बायका हसल्या. रुपराव हसले नाहीत. त्यांनी आकडा वाचला आणि पाकिटावर लिहिला. चार हजार.

"ते मशीन कूलरचं हाये," धर्मेंद्र म्हणाला. "पान्यातलं त्याले काय समजते?"

"ते पान्यातलं नाही, इंजिनचं सांगते," रुपराव म्हणाले. "पान्यातलं तुले बारा बाया सांगून राहिल्या."

समोरचा काठ यायला एकतीस मिनिटं लागली. तेरा नंबरवर श्वेताला सत्तावीस लागायची. म्हणजे ज्या पंख्यावर उडणार होती, त्याच्यावर ती आधीपेक्षा चार मिनिटं जास्त रांगली, आणि तीही पुरुषाच्या हातात. धर्मेंद्र उतरला तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती. पाणी तर उडालंच नव्हतं.

बायका बाजारात गेल्या. रुपरावांनी धर्मेंद्रला पुन्हा बोटीत बसायला सांगितलं. आता रिकामी. पूर्ण पिळल्यावर आकडा आला चार हजार नऊशे. रिकाम्या बोटीतही इंजिन पुस्तकातल्या खालच्या आकड्याला पोचत नव्हतं.

मग चिंचेच्या सावलीत रुपराव, श्वेता आणि ते बिडीचं पाकीट. बाप-लेक पुष्कळ दिवसांनी एका मोटरीवर वाकले होते.

"अकरा लावू," रुपराव म्हणाले. "जरा मोठा असला तं बरा. रिकामी जोरात पळन." आणि म्हणता म्हणता थांबले. जरा मोठा असला तर बरा. हे वाक्य चाळीस वर्षं काउंटरच्या पलीकडून ऐकलं होतं. आपल्या तोंडून ऐकायची ही पहिलीच वेळ.

श्वेतानं मान वर केली नाही. "पंधराचा अकरा केला तं चार नंबर कमी. आठशे वाढतीन. भरून चार हजार आठशे. कमी पडते बाबा. दहा लावला तं हजार वाढतीन. भरून पाच हजार, रिकामी पाच हजार नऊशे. दोनी बाजूनं बसते."

"दोनी बाजूनं बसते," रुपराव म्हणाले.

दहा नंबरचा पंखा त्यांनी नाही लावला. श्वेतानं लावला. पिन काढली, नट सोडला, पंधरा उतरवला, दहाचे दाते जुळवले, नट आवळला, नवी पिन घातली, टोकं वाकवली. रुपराव पाना धरून उभे होते, आणि हातोडा त्यांनी मुद्दाम नागपुरातच ठेवला होता.

संध्याकाळी चारला बाजार उठला. बारा बायका, तेल, मीठ, म्हशींसाठी ढेपेची पोती, पोरांचे कपडे, एकीची नवी पाट्याची शिळा आणि न विकलेली बकरी. सकाळपेक्षा ओझं तिळभर कमी नाही. धर्मेंद्र आपण होऊन मधल्या फळीवर जाऊन बसला होता. दांड्यावर श्वेता. तिनं एकदा मागे पाहिलं, एकदा पुढे, आणि दांडा हळूच पिळायला सुरुवात केली. मग पूर्ण.

बोटीनं नाक वर केलं. रुपरावांनी मशीन रोखलं. पण या वेळी इंजिन घुमलं नाही. त्याचा आवाज वर चढला, मोकळा, आणि मग नाक सावकाश खाली आलं आणि बोट पाण्यावर उठली. उडाली नाही, ते धर्मेंद्रच्या बोलण्यातच असतं. एखाद्या बाईनं भरली घागर डोक्यावर घेऊन ताठ चालावं तशी निघाली. लाल उजेडात आकडा आला पाच हजार चाळीस.

सोळा मिनिटांत सावरटेक. काठावर पाराची मंडळी फैसला ऐकायला येऊन थांबली होती आणि बोट एवढ्या लवकर दिसल्यानं त्यांच्यापैकी दोघांच्या हातातला चहा तसाच राहिला.

आता ऐका, ते काय म्हणाले. माफी नाही, चुकलो नाही. एक जण म्हणाला, "म्हंजे पंख्याची चूक होती तं." दुसरा म्हणाला, "हाव ना, मी तेव्हाच म्हटलं होतं." तिसऱ्यानं तर तुटलेला तेरा नंबरचा पंखाच मुळात कसा खराब होता हे सांगायला घेतलं.

रुपरावांचा पारा कूलरच्या सीझनमधेही गेला नसेल इतका वर गेला. "पंख्याची चूक?" ते म्हणाले. "पंखा कधी बोलला होता का, की श्वेताले चालवता येत नाही? मीटिंग पंख्यानं लावली होती? पंख्यावर तं आकडा लिहिला होता, खरा. तुमी एका बाईवर खोटा लिहिला, अन् दोन वर्सं कोनी पुसून नाही पाहिला." ते धर्मेंद्रकडे वळले. "अन् तू गा. तू रिकामी बोट फिरवून फिरवून गावाले दाखवली. भरून एकदाबी काहून नाही पाहिली? तुले ठाऊक होतं का नव्हतं, ते मले नाही पायजे. ठाऊक नव्हतं तं विचाराचं होतं. जिले ठाऊक होतं तिले."

धर्मेंद्रनं खाली पाहत चावी शोभाताईंपुढे केली. शोभाताईंनी ती घेतली आणि पाण्यात उभ्या असलेल्या श्वेताच्या हातात दिली. "फैसला झाला," त्या म्हणाल्या. "आता घरी चला, म्हशी ओरडून राहिल्या."

माणसं पांगली. रुपरावांचं बोलून झालेलं नव्हतं, पण ऐकायला कुणी उरलं नव्हतं. कुहीची शेवटची बस समोरच्या तीरावरून सुटते, म्हणून श्वेता त्यांना पोचवायला निघाली. बोटीत दोघंच. ते मागे, तिच्याजवळ येऊन बसले आणि अजूनही धुमसतच होते.

"अशी मानसं वं. आपल्या पोरीवर बोट ठेवतात. न पाहता, न मोजता."

श्वेता पाण्याकडे पाहत दांडा धरून होती. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, पहिल्या फोनवर तुमीबी मले तेच विचारलं होतं. कमी पिळते का म्हनून. भेते का म्हनून."

 रुपरावांना त्या दिवशीचे तोंडातले खिळे आठवले. इतके दिवस ज्यांच्यावर चिडत होते त्या रांगेत सगळ्यात पुढे कोण उभं होतं, ते त्यांना आता दिसत होतं. त्या माणसावर चिडायची त्यांना सवय नव्हती.

"विचारलं होतं," ते म्हणाले. "नव्हतं विचाराले पायजे."

श्वेतानं मान हलवली. ते पुरेसं होतं की नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. मग तिनं बोटीच्या नाकाकडे हात केला.

"पुढं सरका बाबा. वजन मागं झालं."

आयुष्यात कुणाचं न ऐकलेले रुपराव पिशवी उचलून, फळ्यांचा आधार घेत, गुपचूप पुढे सरकले.